वाचून दाखवणारा

आमच्या भागात पंचमीला लेकीबाळी माहेरी येतात. आमची आत्या गेली पन्नासेक वर्षं येते आहे, उदगीर तालुक्यातून भालकी तालुक्यात. अंतर फार नाही, पण मध्ये राज्याची हद्द आहे. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके आपल्याच बीदर जिल्ह्यात होते. नंतर ते तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. सोयरिकी मात्र जुन्याच वाटेने होत राहिल्या. आत्याचं लग्न त्याच वाटेने झालेलं.

यंदा ती आली तेव्हा मला तिला एक कागद वाचून दाखवायचा होता. पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी तोच कागद मी तिला एकदा वाचून दाखवला होता, पण अर्धाच. ही गोष्ट मनातून गेलेली नव्हती, पण वरही येत नव्हती. ती वर आली एका जुन्या माणसाचं चरित्र वाचताना. वाचकहो, आधी त्या माणसाची ओळख करून देतो, मग कागदाकडे येतो.

झालं असं की आमच्या कॉलेजात मुलांसमोर ‘मिताक्षरा’वर बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी इतिहासाचा मास्तर, त्यातून बसवकल्याण हाकेच्या अंतरावर. बसवकल्याण म्हणजे कल्याणी चालुक्यांची राजधानी. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६ या पन्नास वर्षांत, विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली. तीच मिताक्षरा. विज्ञानेश्वर हे कलबुर्गी जिल्ह्यातल्या मरतूरचे, असं आपल्याकडे मानतात. वाटणी, वारसा, स्त्रीधन यांवर त्यांनी जे लिहिलं ते पुढे बंगालचा भाग सोडला तर जवळजवळ सगळ्या देशात प्रमाण धरलं गेलं. इंग्रजांच्या कोर्टातसुद्धा. आपल्या गावात एखादा भाऊ वाटणी मागतो तेव्हा त्याला ठाऊक नसतं, पण तो कल्याणमध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या आधाराने बोलत असतो.

याज्ञवल्क्य स्मृतीची जुनी छापील प्रत शोधताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर आलं : रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. १८८० साली त्यांनी ‘व्यवहारमयूख’ आणि ‘याज्ञवल्क्य स्मृती’ हे दोन्ही ग्रंथ मूळ संस्कृतासह आणि इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले. नाव ओळखीचं वाटलं. मग आठवलं, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांना मुंबई विद्यापीठात मिळालेलं सुवर्णपदक याच मंडलिकांच्या नावाचं. काणे पुढे राज्यसभेत गेले, १९६३ साली भारतरत्न झाले. ज्याच्या नावाचं पदक अशा माणसाने घेतलं तो स्वतः कोण होता, म्हणून शोधू लागलो.

मंडलिकांचा जन्म ८ मार्च १८३३ चा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरुड गावी. (महर्षी कर्वे यांचंही गाव हेच. त्यांचा विषय पुढे येणार आहे.) मुंबईला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण झालं. काही वर्षं सरकारी नोकरी केली, ती सोडली आणि हायकोर्टात वकिली धरली. पुढे ते तिथेच सरकारी वकील झाले, मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १८७४ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणि १८८४ साली व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात सभासद म्हणून नेमले गेले. ९ मे १८८९ रोजी वारले. आयुष्य छप्पन्न वर्षांचं. चरित्रकोशात एवढ्यावर भागतं. पण मला अडकवलं ते मधल्या एका नोंदीने. १८६४ साली, कौन्सिलात जाण्याच्या दहा वर्षं आधी, या वकिलाने ‘नेटिव्ह ओपिनियन’ नावाचं एक साप्ताहिक काढलं, आणि ते दोन भाषांत काढलं, इंग्रजी आणि मराठी.

दोन भाषांचं पत्र ही कल्पना त्यांची नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं, तेच मुळी दोन रकान्यांचं होतं, एकात इंग्रजी, एकात मराठी. १८६२ साली ‘इंदुप्रकाश’ निघालं, तेही दोन्ही भाषांचं. राज्य करणाऱ्याची भाषा एक, राज्यात राहणाऱ्याची दुसरी. साहेबाला काय चाललंय ते रयतेला कळावं आणि रयतेला काय दुखतंय ते साहेबाला कळावं, म्हणून एकाच कागदावर दोन्ही भाषा. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपल्या घरात चुलीपाशी एक भाषा आणि ओसरीवर दुसरी असतेच.

१८६४ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. तोवर इंग्रजांच्या कोर्टात हिंदू कायदा सांगायला पंडित आणि मुसलमानी कायदा सांगायला काजी नेमलेले असत. साहेब प्रश्न विचारी, पंडित पोथी उघडून उत्तर देई. त्या साली कायदा करून ही पदं रद्द झाली. यापुढे न्यायाधीशाने स्वतःच कायदा जाणायचा. आता साहेबाला संस्कृत कुठलं यायला! त्याच्या हातात भाषांतरं. मिताक्षरेतल्या वारसा प्रकरणाचं कोलब्रूक साहेबाने १८१० साली केलेलं, मयूखाचं बोराडेल साहेबाने १८२७ साली केलेलं. म्हणजे एखाद्या विधवेला घर मिळणार की दीर ते घेणार, बहिणीला वाटा मिळणार की चुलतभावाला, हे एका इंग्रजी शब्दावर येऊन ठेपलं. भाषांतरात शब्द चुकला की माणसाचं शेत गेलं.

मंडलिकांनी १८८० साली जे काम हातात घेतलं ते या पार्श्वभूमीवर बघायला हवं. ते पंडितगिरी मिरवायला केलेलं पुस्तक नव्हतं. वकिलीत रोज त्यांना दिसत असणार की मूळ पोथी एक सांगते, भाषांतर दुसरं सांगतं आणि लोकांची चाल तिसरीच असते. म्हणून त्यांनी मूळ छापलं, भाषांतर नव्याने केलं आणि जोडीला पुरवण्या लिहून रूढींची चर्चा केली.

त्या चर्चेतला एक विषय तर आपल्या घरातलाच आहे, मामाच्या मुलीशी लग्न. उत्तरेकडच्या शास्त्र्यांना हे निषिद्ध. दक्षिणेत मात्र सर्रास. बौधायनाच्या धर्मसूत्रातसुद्धा ही दक्षिणेकडची चाल म्हणून नोंदलेली आहे. कन्नड घरात तर भाषेनेच ती मान्य केली आहे. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि ‘अत्ते’ म्हणजेच सासू. ‘माव’ म्हणजे मामा आणि ‘माव’ म्हणजेच सासरा. माझी बायको कन्नड घरातली. लग्नानंतर पहिल्या पंचमीला ती माझ्या आत्याला ‘अत्ते’ म्हणाली तेव्हा आत्याने विचारलं, “मी तुजी सासू कधी झाले गं?” आणि सगळं घर हसलं. तर सांगायचं म्हणजे, कायदा करणाऱ्याला लोकांच्या घरातले असे शब्द ठाऊक नसतील तर तो कायदा कोणासाठी करणार?

मयूखाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याचे कर्ते नीलकंठ भट्ट सतराव्या शतकात काशीला होते, पण घराणं मूळचं पैठणचं. शिवरायांच्या राज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. नीलकंठांनी वारसांच्या यादीत बहिणीला आजीच्या मागोमाग जागा दिली. विज्ञानेश्वरांनी त्याआधी पाचशे वर्षं स्त्रीधनाची व्याख्या रुंद करून ठेवलेली होती. नुसते लग्नातले दागिने नव्हेत, वारशाने, खरेदीने, वाटणीने बाईला जे मिळालं तेही तिचंच. इतर प्रांतांत इंग्रजी कोर्टांनी ही रुंदी पुष्कळ अंशी नाकारली. मुंबई इलाख्यात मात्र ती बरीचशी टिकली. लेकीला बापाकडून वारशाने आलेली मालमत्ता तिथे पूर्णपणे तिची मानली जाई. पैठणच्या घराण्याने आणि कल्याणच्या पंडिताने लिहिलेलं बाईच्या बाजूने उभं राहिलं, ते वाचून दाखवणारे नीट वाचून दाखवत राहिले म्हणून.

आता कौन्सिलाविषयी. आज आमदार म्हटलं की प्रश्न विचारणारा, सभात्याग करणारा, निधी आणणारा असं चित्र डोळ्यांपुढे येतं. १८६१ च्या कायद्याने नेमलेल्या कौन्सिलात यातलं काहीच नव्हतं. हिंदी सभासद निवडून येत नसत, गव्हर्नर त्यांना नेमी. सभासदाने समोर आलेल्या विधेयकावर तेवढं बोलायचं. सरकारला प्रश्न विचारायचा अधिकार नाही, अंदाजपत्रकावर चर्चा नाही. ही दोन दारं किलकिली झाली ती १८९२ साली, म्हणजे मंडलिकांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. म्हणून त्या काळच्या सार्वजनिक माणसाच्या हातात वर्तमानपत्र का असे, ते कळतं. सभागृहात जे विचारता येत नव्हतं ते छापून विचारायचं.

हे काही आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिका स्वतंत्र होण्याच्या आधी फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन नावाचा छापखानेवाला होता. १७२९ साली त्याने ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ चालवायला घेतलं, १७३६ साली प्रांताच्या विधिमंडळात कारकून झाला आणि १७५१ साली तिथेच सभासद म्हणून निवडून आला. छापखान्यातून सभागृहात, तोच रस्ता. त्याच्या गावात जर्मन बोलणारे पुष्कळ, म्हणून १७३२ साली, ‘दर्पण’च्या बरोबर शंभर वर्षं आधी, त्याने एक जर्मन पत्रही काढलं. ते चाललं नाही. पुढे याच फ्रँकलिनने जर्मन लोकांविषयी अगदी तुच्छतेने लिहिलं, हे आपलं बस्तान बसवतील आणि आपल्यालाच जर्मन करून टाकतील म्हणून. दोन भाषांत छापणारा माणूस दोन्हीकडच्या माणसांना सारखा मान देतोच असं नाही, हेही यातून दिसतं.

सरकारलाही दोन भाषांची भीती सारखी नसे. १८७८ साली लिटन साहेबाने देशी भाषांतल्या पत्रांना वेसण घालणारा कायदा केला. इंग्रजी पत्रं त्यातून सुटली. कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ तोवर बंगालीत आणि इंग्रजीत निघत असे, ती या कायद्यामुळे एका रात्रीत पूर्ण इंग्रजी झाली. म्हणजे मजकूर तोच, पण साहेबाच्या भाषेत असला तर मत आणि लोकांच्या भाषेत असला तर चिथावणी! चार वर्षांत, रिपन साहेबाच्या कारकिर्दीत, तो कायदा मागे घेतला गेला. पण त्यामागची समजूत गेली असं मला वाटत नाही. आजही एखाद्या कचेरीत माणसाचा अर्ज कोणत्या भाषेत आहे त्यावर त्याच्याकडे बघण्याची नजर ठरते, हा अनुभव हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच येतो.

इथवर वाचून वाटेल की मंडलिक म्हणजे सगळ्या गुणांचा पुतळा. तसं नाही, आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मंडलिक खोतांच्या घराण्यातले. कोकणात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा तो खोत. कुळांकडून तो काय घेई आणि कसा घेई, यावर पिढ्यान् पिढ्या तंटे चालत. १८८० साली मुंबई कौन्सिलाने रत्नागिरीच्या खोतीचा कायदा केला. त्या वादात मंडलिक खोतांच्या बाजूने बोलले. रयतेचं गाऱ्हाणं दोन भाषांत छापणाऱ्या पत्राचा संस्थापक स्वतःच्या गावच्या कुळांच्या समोरच्या बाजूला बसला होता. तसंच बायकांच्या बाबतीत. १८८४ साली बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं लिहून सरकारला जागं करायचा यत्न केला. तेव्हा यात सरकारने कायदा करू नये म्हणणाऱ्यांत मंडलिक होते. नीलकंठाने बहिणीला दिलेली जागा ज्यांनी भाषांतर करून जगापुढे मांडली, तेच घरातल्या पोरीच्या लग्नाचा विषय आला तेव्हा म्हणाले, हे आपल्या समाजाचं आपण बघू. त्यांच्याच मुरुड गावाने पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांना बहिष्कृत केलं. ‘आपलं आपण बघू’ याचा अर्थ पुष्कळदा असा होतो.

खोतीला शेवटचा धक्का देण्याचं काम त्याच मुलखातल्या दुसऱ्या माणसाने केलं. आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव दापोलीला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यात. त्यांचाही रस्ता तोच, वर्तमानपत्र आणि विधिमंडळ. १९२० साली ‘मूकनायक’, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ आणि त्याच साली मुंबई कौन्सिलात प्रवेश. १९३७ साली त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. नंतर देशाचे कायदामंत्री म्हणून लेकींना बापाच्या मालमत्तेत हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलासाठी ते झगडले आणि ते रखडलं म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. मंडलिकांनी जो कायदा सांभाळून वाचून दाखवला, तो आंबेडकरांनी बदलायला घेतला. मला वाटतं दोघांचीही गरज होती. पण पहिल्याच्या आयुष्याने माझ्यापुढे एक प्रश्न टाकला. दोन भाषा येणारा माणूस जेव्हा एकाचं दुसऱ्याला सांगतो, तेव्हा त्याचा स्वतःचा वाटा कुठे असतो? तो मजकूर सांगतो की आपल्या सोयीचा मजकूर सांगतो?

आता माझ्या कागदाकडे येतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. माझ्या आजोबांच्या पेटीत जमिनीचे जे जुने कागद होते ते त्यांना स्वतःला वाचता येत नसत. बाजाराच्या दिवशी एका मुन्शीकडून वाचून घेत. १९४८ साली निजामी गेली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात आलो आणि हळूहळू कागद कन्नड झाले. आजोबांच्या पिढीला तेही वाचता येईनात. मग घरात कन्नड शाळेत जाणारं जे पोर असेल ते मुन्शी झालं. पहाणीचा उतारा असो, सोसायटीची नोटीस असो की विजेचं बिल, पोराला हाक. सीमेवरच्या किती घरांत हे घडलं असेल! आम्ही पोरं बारा-तेरा वर्षांची असतानाच घरातल्या मोठ्या माणसांना सरकार काय म्हणतं ते सांगत होतो. त्यात एक ऐटही होती. सगळे गप्प बसून आपल्या तोंडाकडे बघताहेत, हे त्या वयात गोड वाटतं.

१९९८ साली आजोबा गेले. जमीन अठरा एकर, वडिलार्जित. वारस तिघं : माझे वडील, काका आणि आत्या. आजी आधीच गेलेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिशेब असा होता की आधी आजोबा आणि दोन मुलगे यांच्यात तीन वाटे धरायचे, सहा-सहा एकर. मग आजोबांच्या सहा एकरांचे पुन्हा तीन वाटे, त्यातला एक लेकीचा. म्हणजे आत्याचे दोन एकर. कर्नाटकाने १९९४ साली लेकींना जन्मापासून हक्क देणारी दुरुस्ती केली होती, पण आधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळलेल्या. तरी हे दोन एकर कुठे जात नव्हते.

१९९९ साली आत्याला बोलावून घेतलं. स्टँप पेपरवर कन्नडात मजकूर टाइप करून आणलेला होता. आत्या मराठी चौथी शिकलेली, सही मराठीत करी. तिने कागद उलटासुलटा करून बघितला आणि माझ्याकडे दिला. “वाच रं लेकरा, काय हाय त्यात.” मी तेव्हा कॉलेजात होतो. कन्नड मला पाण्यासारखं येत होतं. वरती स्पष्ट लिहिलेलं होतं, ‘हक्कु बिडुगडे पत्र’, म्हणजे हक्कसोडपत्र. मी वडिलांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं छताकडे बघत राहिले. मी वाचायला सुरुवात केली. गाव, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, सगळं नीट मराठीत सांगितलं. पुढे ‘स्वसंतोषदिंद’ आलं, म्हणजे राजीखुशीने. त्याच्यापुढे ती आपला हक्क कायमचा भावांच्या नावे सोडून देते आहे, हे वाक्य होतं. ते मी गिळलं. म्हणालो, “नावं लावायला तुझी सही लागते आत्या, तेवढंच.” तिने सही केली. आईने तिला साडीचोळी केली. ती जेवून संध्याकाळच्या गाडीने गेली.

मला कोणी खोटं बोल म्हणून सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललोही नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. नावं लावायला सही लागत होतीच. पण मंडलिकांचं खोतीतलं वागणं वाचून मी मनात त्यांना नावं ठेवायला लागलो आणि थांबलो. त्या दोन एकरांतला अर्धा वाटा आमच्याच घरात आला होता. त्याच्या उत्पन्नातून माझी एम.ए.ची फी भरली गेली असेल.

यंदा पंचमीच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी पेटीतून कागदाची नक्कल काढली. आत्या आता सत्तरीच्या पुढे आहे, तिला अक्षर दिसत नाही. माझी मुलगी दहावीला, कन्नड माध्यमात. तिला म्हटलं, तू एकेक वाक्य कन्नडात वाच, मी मराठीत सांगतो. बायको दारात उभी होती. तिला दोन्ही कळतं, म्हणजे मला चुकायला जागा नव्हती. मुलगी वाचत गेली, मी सांगत गेलो. त्या वाक्याशी आल्यावर मी तेही सांगितलं, पूर्ण. शेवटी सहीच्या वरती तीन शब्द होते, जे १९९९ साली माझ्या लक्षातही आले नव्हते : ‘ओदिसि, केळि, तिळिदु’. वाचून घेऊन, ऐकून, समजून. मुलीने ते वाचलं आणि मला विचारलं, “अप्पा, आजीला समजलं होतं का?”

मी उत्तर देण्याआधी आत्याच बोलली. “मला तवाच कळलं व्हतं गं. तुज्या बापाचा आवाज वाचता वाचता बारीक झाला व्हता.”

“मग सही का केलीस?” मी विचारलं.

“भावाला दिलं आसतंच मी. माजं काय अडलं न्हवतं. पर तू सांगितला आसतास, तर मी दिलं आसं झालं आसतं. आता तुमी घेतलं आसं झालं.”

यावर मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळाने मी तिला कायद्याचं सांगितलं, मास्तरला दुसरं काय सुचणार. २००५ सालच्या दुरुस्तीने लेक जन्मतःच मुलाइतकी वाटेकरी झाली. २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यासाठी २००५ साली बाप हयात असायला हवा असंही नाही. त्या हिशेबाने अठरा एकरांत तिचे सहा एकर झाले असते. पण नोंदणी झालेला जुना कागद आपोआप पुसला जात नाही. म्हणून कायदा राहू दे, माझ्या वाट्याला जे तिचं आलं ते मी तिच्या नावे करतो, असं म्हणालो. काकांच्या मुलांचं मी बोलू शकत नाही, माझं बोलतो.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “इचार करून सांगते. तवा मला इचार करायला कुनी येळच दिला न्हवता.”

दुसऱ्या दिवशी तिला उदगीरच्या गाडीत बसवून दिलं. वाचकहो, तुमच्याही घरात दोन्ही भाषा येणारं एखादं पोर असेल. त्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कागद वाचून दाखवायला जरूर सांगा. पण पूर्ण वाचायला सांगा आणि त्या वेळी छताकडे बघू नका.

आत्या अजून विचार करते आहे. मी वाट बघतो आहे.